‘श्रावण आहे’ न म्हणता: ३० दिवसांच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार (सुरुवातीआधी)

कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट जूनमध्येच आला होता. तो पाकिटासकट टूलबॉक्सच्या तळाशी गेला. आज बारा नंबरचा पाना शोधताना पुन्हा वर आला. लिव्हरच्या चाचण्यांत एसजीपीटी ५८, गॅमा जीटी ७४, दोन्ही वाढलेले; सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. बीपी १४२/९२, वजन ७८.४. खाली कंपनीच्या डॉक्टरांचा शेरा: ‘मद्यपान कमी करावे.’

कमी म्हणजे किती? ते कळायला आधी आत्ता किती आहे ते माहीत हवं. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, वय ४६. बावीस वर्षं मशीनचं लॉगबुक लिहितोय. कुठल्या प्रेसचं तेल कधी बदललं ते तारखेसकट सांगेन. पण ‘आठवड्याला किती घेता?’ असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ‘कधीतरी’ म्हणालो होतो.

आज वहीत मांडलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार स्वामींचा. हे तीन वार मी कडक पाळतो. शनिवार मारुतीचा आहे, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे मारुतीला आम्ही सांभाळून घ्यायला लावलंय. राहिले चार. बुधवारी ९० मिली, शुक्रवारी १२०, शनिवारी अख्खी क्वार्टर म्हणजे १८०, रविवारी दुपारी मटणाआधी ९०. एकूण ४८०. तीसच्या हिशोबाने सोळा पेग.

आकडा पटेना म्हणून पुन्हा बेरीज केली. सोळाच.

आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तीसच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आठवड्याला १६० ग्रॅम. एका ग्रॅमला सात कॅलरी धरल्या तर अकराशेच्या वर. मटण आणि शेंगदाणे यात धरलेले नाहीत.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या

यंदा गटारीची पंचाईत झाली. अमावास्या आली गुरुवारी, आणि आमच्या कट्ट्यावरचे निम्मे गुरुवार पाळणारे. मग काहींनी रविवारीच उरकली, आम्ही काल बुधवारी मित्राच्या गच्चीवर बसलो. अमावास्या आज आणि गटारी काल.

नोंद ठेवायची म्हणून काल घड्याळ बघितलं. पहिला ग्लास ओठाला लागला ८.३५ ला. दुसरा भरला ८.४७ ला. बारा मिनिटं. पुढच्या वेळा लिहिलेल्या नाहीत. एकूण २७० मिली, हे मित्राने बाटलीकडे बघून सांगितलेलं.

आज घरात दिव्यांची पूजा. हिने समया, निरांजनं, आईचा लामणदिवा चिंच लावून घासले, पाटावर मांडले, रांगोळी काढली. कणकेचे गूळ घातलेले दिवे उकडले. डोकं ठणकत होतं, तरी तुपाबरोबर तीन खाल्ले. पितळ इतकं लख्ख झालं होतं की त्यात माझा चेहरा दिसत होता. तो बघण्यासारखा नव्हता.

प्रकल्प उद्यापासून. २५ जुलै ते २३ ऑगस्ट, श्रावणाचे बरोबर ३० दिवस. नियम दोन.

नियम १: थेंबही नाही. बिअर, वाईन, ‘फक्त चव’, काही नाही.

नियम २: कुणी विचारलं तर ‘श्रावण आहे’ म्हणायचं नाही.

दुसरा नियम का? मी चौदा वर्षं श्रावण पाळतोय. ही सगळ्यांना कौतुकाने सांगते, ‘यांना व्यसन नाही हो, श्रावणात महिनाभर हात लावत नाहीत.’ मीही तेच मानत आलो. पण श्रावणात न पिणं म्हणजे ड्राय डेला न पिण्यासारखं आहे. दुकान बंद, सगळेच बसलेले कोरडे, त्यात आपली मर्दुमकी कसली? यंदा देवाला मध्ये घ्यायचं नाही. नाही म्हणायचं ते स्वतःच्या नावावर.

दिवस १. २५ जुलै, शुक्रवार

काहीच वाटलं नाही. कालपरवाचं अजून उतरायचं होतं.

दिवस ३. २७ जुलै, रविवार

दुपारी दीडला पाय आपोआप फ्रिजकडे. बर्फाचा ट्रे काढला, काढल्यावर लक्षात आलं की तो कशासाठी काढलाय. मग काढलाच आहे तर म्हणून तोच काचेचा ग्लास घेतला, बर्फ, अर्धं लिंबू, काळं मीठ, वरून सोडा. शेंगदाणे खारवून घेतले. टीव्हीसमोर बसलो आणि अर्ध्या तासात जीव शांत झाला. गंमत अशी की निम्मी तल्लफ ग्लासात बर्फ वाजण्याची होती. उरलेल्या निम्म्याला सोडा चालत नाही, हे संध्याकाळी सात वाजता कळलं. हिच्यावर विनाकारण ओरडलो. कारण: झाकण नीट न लावलेला डबा.

झोप: रात्री एकपर्यंत नाही. मग स्वप्नंच स्वप्नं. मेलेले काका, जुनी शाळा, बंद पडलेली प्रेस, सगळे एका वर्गात. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते आणि सोडली की ती उसळून वर येते, असं वाचलंय. उसळली खरी.

दिवस ४. २८ जुलै, सोमवार

आमचा एक हेल्पर आज आला नाही. दुपारी बातमी कळली आणि दिवसभर तीच डोक्यात आहे.

हा रोज पिणारा. देशी, सकाळी एक चपटी, रात्री एक. वर्षानुवर्षं. त्याच्या आईने यंदा देवासमोर शपथ घातली, ‘श्रावणात सोडायचीच.’ पोराने शब्द पाळला. शुक्रवारी बंद. शनिवारी हातांना कंप, घाम, उलट्या. घरचे म्हणाले, बरंय, विष बाहेर पडतंय. रविवारी पहाटे फिट आली. दुपारनंतर भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून हाताने झटकायला लागला, घरच्यांना ओळखेना. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजाऱ्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. आता सलाईन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि झटके थांबवायची औषधं चालू आहेत.

स्टोअरमधले काका अकरा वर्षं कोरडे आहेत. ते म्हणाले, ‘रोजच्या पिणाऱ्याने एकदम सोडायची नसते. डॉक्टर जवळ हवा.’ मग त्यांनी मला मेंटेनन्सवाल्याला कळेल असं समजावलं. दारू मेंदूवर सतत ब्रेक दाबून ठेवते. गाडी चालती राहावी म्हणून मेंदू ॲक्सिलरेटर वाढवत नेतो. वर्षांनंतर एका दिवसात ब्रेकवरचा पाय काढला, तर ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला असतो. पहिल्या दोन दिवसांत फिट, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास. यात माणसं दगावतात.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं: हा प्रकल्प चार वार पिणाऱ्याचा आहे. ज्याचा हात सकाळी थरथरतो, त्याने याची नक्कल करू नये.

दिवस ७. ३१ जुलै, गुरुवार

आठवडा झाला. जूनमध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यानंतर १८० मिलीची किमान किंमतच २०५ रुपये झाली. देशीची ८०. माझ्या ब्रँडची क्वार्टर अडीचशेच्या घरात गेलीय. चारशे ऐंशी मिली म्हणजे साडेसहाशेच्या पुढे. आठवड्याचे ६५० रुपये आज श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकले. १४ जुलैला करवाढीच्या निषेधात बारवाल्यांनी बंद पाळला तेव्हा मी कट्ट्यावर त्यांच्या बाजूने तावातावाने बोललो होतो, हे आठवून हसू आलं.

पैशांवरून परवाना आठवला. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे. एक दिवसाचा पाच रुपयांना, आणि वर्षाचा, आजन्मही मिळतो. तो असतो ‘आरोग्य राखण्यासाठी’. माझ्याकडे कधीच नव्हता. म्हणजे मी बेकायदा पीत होतो, आणि कायद्याने प्यायलो असतो तर प्रकृतीसाठी प्यायलो असतो. गॅमा जीटी ७४.

दिवस ९. २ ऑगस्ट, शनिवार

नियम २ ची पहिली खरी परीक्षा. एका सप्लायरने हायवेवरच्या परमिट रूममध्ये जेवण ठेवलं होतं. आठ जण. त्यातले तीन श्रावणवाले, त्यांच्यासमोर वेटरने न विचारता पनीर आणि ताक ठेवलं. माझ्याकडे वळला.

‘साहेब, श्रावण?’

‘नाही. लिंबू सोडा दे.’

‘नाही’ ऐकून टेबलाच्या माना वळल्या. पुढच्या पंधरा मिनिटांत आलेले प्रश्न जसेच्या तसे: गोळ्या चालू आहेत का? शुगर निघाली? वहिनींनी काही म्हटलं? माळ घातली? गाडी चालवायचीय का, आम्ही सोडतो. आमच्यावर राग आहे का? आणि शेवटी, कोपऱ्यातून, ‘जास्त झाली होती वाटतं, म्हणून बंद.’

श्रावणवाल्या तिघांना एकानेही काही विचारलं नाही. ते निवांत पनीर खात होते. त्यांतला एक मला हळूच म्हणाला, ‘श्रावण म्हणून टाकायचं ना राव, कशाला वाढवता?’

हे मी चौदा वर्षं म्हणत आलोय. किती मऊ गादी आहे ती, ते खाली बसल्यावर कळलं.

दिवस ११. ४ ऑगस्ट, सोमवार

झोप: १०.४० ते ५.३०, सलग. शेरा नाही.

दिवस १३. ६ ऑगस्ट, बुधवार

वजन ७८.६. वाढलंय! कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, शनिवारी साबुदाणा वडे, रोज रात्री जेवणानंतर काहीतरी गोड. दारू तुटली की जीभ दुसरीकडे वसुली करते. काल हिने नागपंचमीचं उरलेलं गूळ-पुरण शोधलं तर डबा रिकामा. मी मुलीकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

दिवस १६. ९ ऑगस्ट, शनिवार. राखी

ताईकडे ओझरला. नारळीभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. दाजी श्रावण मानत नाहीत, द्राक्षबागायतदार माणूस, त्यांचा देव पाऊस. जेवणाआधी ते दरवर्षीप्रमाणे मला मागच्या ओट्यावर घेऊन गेले. स्टुलावर बाटली, दोन ग्लास, चकल्या.

‘तुमचा श्रावण ना, मेव्हणे? तरी विचारायचं आपलं.’

इथे मान हलवली असती तरी भागलं असतं. नियम ‘म्हणायचं नाही’ असा होता, मान हलवण्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. तो विचार आलाही.

‘श्रावणासाठी नाही दाजी. असंच बंद केलीय.’

बुच फिरवता फिरवता हात थांबला. ‘असंच म्हणजे?’

‘रिपोर्ट जरा खराब आला.’

‘किती?’

‘एसजीपीटी ५८.’

‘ते सोडा. गॅमा किती?’

मी बघतच राहिलो. ‘७४.’

‘माझा दोनशे दहा,’ दाजी म्हणाले. कांद्याचा भाव सांगावा तसे. मग आत स्वयंपाकघराकडे नजर टाकून, आवाज उतरवून, ‘ताईला माहीत नाही. फेब्रुवारीत केला होता. तेव्हापासून काढलाच नाही.’

बराच वेळ आम्ही चकल्या खाल्ल्या. त्यांनी स्वतःचा ग्लास भरला, पण नेहमीसारखा सरसर संपवला नाही. माझा ग्लास उलटा करून ठेवला, माशी बसू नये म्हणून. निघताना गाडीपाशी येऊन म्हणाले, ‘कोणत्या लॅबमध्ये केलात?’

सोळा वर्षांत त्या ओट्यावर आम्ही द्राक्षं, औषधफवारणी, पोरांची लग्नं, राजकारण सगळं बोललो. एकमेकांचं लिव्हर पहिल्यांदाच निघालं.

दिवस १७-१८. १० ऑगस्ट रात्र ते ११ ऑगस्ट, तिसरा श्रावणी सोमवार

ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या डोंगराची प्रदक्षिणा. नाशिकमध्ये जन्म काढला आणि ही फेरी कधी केली नव्हती, कारण ती रविवारी रात्री निघते आणि माझा रविवार दुपारीच संपायचा. स्टोअरमधले काका दरवर्षी जातात, यंदा त्यांच्यासोबत गेलो. नाशिकहून एसटीच्या जादा गाड्या, उभं राहायलाही जागा नाही. रात्री अकराला त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर पाय धुतले आणि चालायला लागलो. लहान फेरी, सुमारे वीस किलोमीटर.

पाऊस रिमझिम, वाट चिखलाची, पुढे-मागे हजारो माणसं. ‘बम बम भोले’. बरीच पोरं अनवाणी. मी प्लांटमधली कपाळावरची बॅटरी लावून होतो. त्र्यंबकचे दिवे मागे पडले की डावी-उजवी काही दिसत नाही, फक्त समोरच्याच्या टाचा. पहिन्याच्या बाजूला एका मंडळाने फुकट चहा ठेवला होता, आल्याचा, इतका गोड की एरवी थुंकला असता. दोन घेतले. आणि खोटं कशाला लिहू, वाटेत दोन-तीन टोळकी कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीतरी मिसळून फिरवत होती. वास लगेच कळला. सतरा दिवसांत नाक तिखट झालंय.

काका चालताना बोलतात, बसले की गप्प. पहाटे तीनच्या सुमाराला मी त्यांना माझे चौदा श्रावण ऐकवले. ते म्हणाले, ‘मी अकरा पाळले. एकही चुकला नाही. बाराव्या वर्षी पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालो.’

‘श्रावण पाळत असताना?’

‘श्रावण पाळत होतो म्हणूनच उशीर झाला. बायको म्हणायची डॉक्टरकडे चला, मी म्हणायचो, महिनाभर राहतो की नाही? तिला उत्तर नसायचं. तिथे पस्तीस दिवस ठेवतात. श्रावणापेक्षा पाच जास्त. ते पाच दिवस जड गेले बघ. तीस दिवसांची सवय होती, एकतिसाव्या दिवशी अंगाने घड्याळ लावल्यासारखं मागायला सुरुवात केली.’

आता ते महिन्याचा हिशोब करत नाहीत. त्यांच्या एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात. मला विचारलं, ‘तेवीस तारखेनंतरचं काय लिहिलंयस वहीत?’ मी म्हटलं, रिपोर्ट काढणार. ते पुढे काही बोलले नाहीत. पुढे चढ होता.

पहाटे सव्वासहाला परत त्र्यंबकात. पाय लाकडाचे. पण छाती मोकळी, धाप नाही. हेल्पर शुद्धीवर आहे, परवा घरी सोडणार असंही काकांकडूनच कळलं.

दिवस २१. १४ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पंधरा ऑगस्ट, ड्राय डे. सिडकोत वाईन शॉपसमोर रांग सर्व्हिस रोडपर्यंत. स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा रांगेत ओळखीचे चार चेहरे दिसले. मी दिसू नये म्हणून हेल्मेटची काच खाली केली. का, कुणास ठाऊक. रांगेत तर ते होते.

डब्यात १९५० रुपये.

दिवस २७. २० ऑगस्ट, बुधवार

नियम २ मोडला.

कस्टमरची ऑडिट टीम आली होती. रात्री हॉटेलात जेवण, आमचे प्लांट हेड स्वतः हजर. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी पेग बनवला आणि पुढे केला. समोर पाहुणे, ऑडिटचे दोन मुद्दे माझ्याच विभागाचे, साहेबांचा हात हवेत. तोंडातून निघून गेलं, ‘सर, श्रावण आहे.’

‘अरे हो! सॉरी, सॉरी. व्हेज आहे ना तुमच्यासाठी?’ एका क्षणात सगळं सुरळीत. पाहुण्यांपैकी एकाने आपल्या आजोबांच्या श्रावणाची गोष्टही सांगितली. माझी पत वाढली.

दोषनोंद म्हणून लिहितो. ब्रेकडाऊन: बुधवार, रात्री ९.१०. कारण: दाब. तात्पुरती दुरुस्ती झाली, मूळ कारण तसंच.

दिवस २९. २२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

गावी गेलो. धाकट्या भावाकडे आता बैलांची एकच जोडी, तीही दुसऱ्याच्या वाट्यात. बाकी ट्रॅक्टर. भावाच्या पोरांनी ट्रॅक्टरलाही फुगे बांधले आणि बॉनेटवर हळदकुंकू लावलं. वहिनीने बैलांना पुरणपोळी भरवली. ट्रॅक्टरला नैवेद्य दाखवून ती पोरांनीच खाल्ली.

अण्णा असते तर ट्रॅक्टरवर चिडले असते. अण्णांचा पोळा ठरलेला असे. सकाळी बैलांना ओढ्यावर धुवायचं, खांदे तुपाहळदीने शेकायचे, शिंगांना लाल रंग लावायचा. संध्याकाळी मिरवणूक वेशीवरून परत आली, बैल गोठ्यात गेले की ते चुलीमागच्या राखेने हात धुवायचे. शिंगांचा लाल रंग नखांत बसलेला असायचा, तो निघेपर्यंत घासत. मग बाहेर पडत. महिनाभरात पहिल्यांदा. आई म्हणायची, ‘जाऊ दे, महिना पाळला ना त्यांनी.’ त्या रात्री त्यांना आणायला मी आणि भाऊ कंदील घेऊन जायचो.

अण्णांनी एकही श्रावण मोडला नाही. शेवटचाही नाही. त्यानंतरच्या मार्गशीर्षात पोटात पाणी होऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘पितात का?’ आई ठामपणे म्हणाली होती, ‘श्रावण पाळतात.’

जेवणानंतर भावाने डोळ्याने खूण केली, गोठ्यामागे. मी म्हटलं, ‘उद्या सकाळी रक्त द्यायचंय, रिकाम्या पोटी.’ हेही कारणच. पण निदान खरं होतं.

दिवस ३०. २३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सातला लॅब, संध्याकाळी रिपोर्ट.

एसजीपीटी ३९ (होता ५८). गॅमा जीटी ४१ (होता ७४). बीपी घरच्या मशीनवर १३२/८४. वजन ७७.१. साबुदाणा नसता तर अजून उतरलं असतं, असा माझा दावा आहे. डब्यात २६०० रुपये. त्यातले सातशे हिने मखराच्या लाइटिंगसाठी आधीच काढले होते, चिठ्ठी ठेवून.

लॅबमध्ये बाकावर दाजी बसले होते. ओझरहून आले होते, ताईला ‘फवारणीचं औषध आणायला’ सांगून. आम्ही एकमेकांकडे बघून फक्त हसलो.

दुपारच्या आत अमावास्या संपली होती. संध्याकाळी पाचपासून फोन वाजतोय. कट्टा उद्या गच्चीवर. मंगळवारी हरतालिका, बुधवारी गणपती. श्रावण आणि गणपती यांच्यामध्ये ही एवढीच फट असते, आणि आमच्याकडे ती कधी रिकामी गेलेली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवसाला आकडा नाही. प्रकल्प काल संपला.

गेलो. न जाण्याचं कारण सापडलं नाही. काळ्या मसाल्याचं मटण, भाकरी, तीच गच्ची, तीच प्लास्टिकची टेबलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. महिनाभर पनीर खाल्लेले लोक बर्फासाठी भांडत होते.

माझ्यासमोर ग्लास आला. ‘लिंबू सोडा दे,’ म्हटलं.

‘आता कसला श्रावण?’

कुणी टोमणा मारला नव्हता. साधा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याला लावायला एकही सण नव्हता. खिशात रिपोर्ट होता, तो दाखवायला आणला होता. पण रिपोर्ट आता चांगला होता. नॉर्मल आलेला रिपोर्ट न पिण्याचं कारण म्हणून दाखवता येत नाही. उलट पहिल्याच माणसाने तो वाचला असता आणि म्हणाला असता, मग तर घेच.

घेतला. पहिला घोट ८.५२ ला. चव घशात जळाली, महिनाभराने अनोळखी लागली, दुसऱ्या घोटाला ओळखीची झाली. गप्पा रंगल्या. कुणीतरी दहीहंडीचे किस्से सांगत होतं, मी पण एक सांगितला. हसता हसता बाटली पुढे ओढली, ग्लास भरला आणि सवयीने घड्याळ बघितलं.

९.०४.

बोटांवर मोजलं. बारा मिनिटं. गटारीलाही बारा.

लिव्हर महिन्यात खाली आलं, बीपी आलं. हाताला मात्र श्रावण झाल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

भरलेला ग्लास तसाच ठेवला. फार वेळ नाही, सगळे मटणाकडे वळेपर्यंत. मग चपला शोधल्या. मित्र जिन्यापर्यंत आला. ‘काय झालं रे? घरी काही?’

‘घरी काही नाही.’

‘मग?’

‘काही नाही. निघतो.’

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘मटण तरी बांधून देतो.’ डबा घेऊन घरी आलो.

२५ ऑगस्ट, सोमवार

झोप: ११ ते ३.१०. जाग आली, तहान, छातीत धडधड. एका पेगने इतकं होतं हे आधी कळायचं कारण नव्हतं, कारण आधी कधी एकच घेतला नव्हता.

कामावर काकांना सांगितलं. सगळं, घड्याळासकट. त्यांनी वही मागितली, उभ्या उभ्या शेवटची पानं वाचली. म्हणाले, ‘आजपासून मोजणार का?’

मी म्हटलं, आज सोमवार आहे, आज मी तसाही पीत नाही. उद्या मंगळवार आणि हरतालिका. परवा गणपती बसतात, आमचा गौरींबरोबर जातो, २ सप्टेंबरला. घरात गणपती असताना प्रश्नच नाही. हे सगळे दिवस फुकटचे, ते धरायचे नाहीत.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत नेलं आणि थांबले. ‘मग पहिला उघडा वार?’

बुधवार, ३ सप्टेंबर.

संध्याकाळी मखराच्या पट्ट्या कापून झाल्यावर वहीत नवीन पान घेतलं. तारीख टाकली. रकाने आखले: वेळ, कुणी विचारलं, काय सांगितलं. तिसरा जरा रुंद ठेवलाय.